सातमाशी मुलगी, मायनस अकराचा नंबर आणि उसाचा हंगाम

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांचे डोळे तपासते. त्यात कमी दिवसांची बाळं बरीच. इथे मांडलेलं प्रकरण त्यांतल्याच एका मुलीचं. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. उपचारांचा क्रम, आकडे आणि माझ्याकडून काय राहून गेलं, ते जसं घडलं तसं लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

मनूचे आईवडील मराठवाड्यातले ऊसतोड मजूर. दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर इकडे येतात, मार्चअखेर परत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची तर दोघांनाही फडात उतरावं लागतं. मनूची आई सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळ्या वाहत होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे कोपीतच, म्हणजे पाचटाच्या झोपडीतच, कळा सुरू झाल्या. तालुक्याच्या रुग्णालयात बाळंतपण झालं आणि दोन तासांत बाळ जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात पोचलं. २९ आठवड्यांचं बाळ, वजन १,१५० ग्रॅम.

पुढचे ४४ दिवस ती काचेच्या पेटीत होती. सुरुवातीला श्वासाला आधार, मग ऑक्सिजन, मधे एकदा जंतुसंसर्ग, एकदा रक्त चढवावं लागलं. वडील फड सोडू शकत नव्हते. आई एकटी बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. टोळीतल्या बायका तिला धीर द्यायच्या, "सातमाशी पोर जगतंय, आठमाशी जगत न्हाई." शास्त्रात याला आधार नाही. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ सुरक्षित. पण त्या आईला त्या वाक्याचा उपयोग होत होता, म्हणून आम्ही कुणी ते खोडलं नाही.

डोळ्यांचा प्रश्न इथेच सुरू होतो. आईच्या पोटात साधारण सोळाव्या आठवड्यापासून डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे पसरू लागतात. नाकाकडची कड त्या ३६व्या आठवड्याच्या सुमारास गाठतात, कानाकडची कड पूर्ण दिवस भरताना. २९व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा पडदा अर्धवट विणलेल्या गोधडीसारखा असतो. बाहेरची हवा आणि वरून दिलेला ऑक्सिजन यामुळे वाढ थबकते. मग रक्ताविना राहिलेला भाग नव्या वाहिन्या वाढवणारे संदेश सोडतो आणि त्या वाहिन्या चुकीच्या जागी, चुकीच्या रीतीने फुटतात. हा आजार म्हणजे आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी). वेळेत धरला नाही तर पडदा सुटतो आणि मूल कायमचं आंधळं होतं. आपल्याकडचा निकष असा, की ३४ आठवड्यांच्या आत किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं प्रत्येक बाळ चार आठवड्यांच्या आत तपासायचं, आणि फारच लहान बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच.

मनूला मी तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं. पडदा अपुरा होता, आजार नव्हता. दर आठवड्याला पाहत गेले. सहाव्या आठवड्यात दोन्ही डोळ्यांत कड उंचावलेली, नव्या वाहिन्या फुटलेल्या, मधल्या वाहिन्या फुगून नागमोडी झालेल्या. आमच्या भाषेत झोन २ (पडद्याचा मधला पट्टा), पाचांपैकी तिसरा टप्पा, आणि वाहिन्या फुगलेल्या म्हणून 'प्लस'. अशा डोळ्यांवर ४८ ते ७२ तासांत उपचार करावे लागतात.

पहिला निर्णय: लेझर की इंजेक्शन

हातात दोन उपाय होते. लेझरने पडद्याचा रक्ताविना राहिलेला कडेचा भाग जाळून टाकायचा, म्हणजे तिथून निघणारे संदेश थांबतात. किंवा डोळ्यात औषधाचं इंजेक्शन द्यायचं, ते संदेश औषधाने अडवले जातात आणि वाहिन्यांना कडेपर्यंत वाढायला वाव मिळतो.

पुढे लागणाऱ्या चष्म्याच्या नंबराचा विचार केला तर इंजेक्शनचं पारडं जड होतं. अमेरिकेतल्या बीट-आरओपी चाचणीतली मुलं अडीच वर्षांची झाल्यावर तपासली गेली. झोन २ मधल्या डोळ्यांत लेझरनंतर सुमारे ३६ टक्के डोळ्यांना मायनस आठ किंवा त्याहून मोठा नंबर होता. इंजेक्शननंतर हे प्रमाण २ टक्क्यांच्याही खाली होतं. आजार जितका गंभीर तितका नंबर मोठा, हे खरंच, पण उपचाराचा वाटाही लहान नाही.

पण इंजेक्शनमध्ये आजार काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढू शकतो. त्यामुळे पडदा पूर्ण भरेपर्यंत वारंवार तपासणी लागते. आणि हे कुटुंब पाच आठवड्यांत चारशे किलोमीटर लांब जाणार होतं. एक तपासणी चुकली आणि त्याच काळात आजार उलटला, तर डोळा गेला. म्हणून मी लेझर निवडलं. मोठा नंबर येण्याची शक्यता मी स्वीकारली, आंधळेपणाची नाही. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

चूक त्यानंतर झाली. लेझरनंतर तिसऱ्या आठवड्याला, मार्चच्या सुरुवातीला, आजार ओसरत चाललेला दिसला. मी आईला म्हटलं, "धोका टळला." कार्डावर लिहिलं: आजार ओसरतो आहे, तीन महिन्यांनी दाखवणे. तीन महिन्यांनी म्हणजे जूनमध्ये. जूनमध्ये ती कुठे असेल हे मला माहीत होतं, त्याच हिशेबावर तर मी लेझर निवडलं होतं. तरीही कार्डावर तीच ठरलेली ओळ लिहिली. 'नंबर' हा शब्द मी त्या दिवशी उच्चारलाच नाही.

दोन वर्षांनी

त्यानंतर मनू दिसली ती तिसऱ्या हंगामात, जानेवारीत. दोन वर्षं नुकतीच पूर्ण झालेली. पूर्ण दिवसांच्या हिशेबाने वय एक वर्ष नऊ महिने. कमी दिवसांच्या मुलांचं वय असंच मोजायचं असतं. मधल्या हंगामात मुकादम बदलला, कारखाना बदलला, टोळी दुसऱ्या जिल्ह्यात उतरली. गावी आशाताईंच्या यादीत तिचं नाव नव्हतं, कारण जन्म इकडचा. या खेपेला कोप्यांजवळ भरणाऱ्या हंगामी अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. त्यातल्या डॉक्टरांना डावा डोळा नाकाकडे वळलेला दिसला आणि त्यांनी चिठ्ठी दिली.

आईने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. दोन वर्षं, चार स्थलांतरं, दोन पावसाळे. कार्डाची एक घडीही फाटली नव्हती. त्यावर माझं अक्षर होतं.

"तवा धोका टळला म्हनला हुता ना म्याडम," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. ती विचारत होती.

मी तिला मुलीबद्दल विचारत गेले तसं एकेक कळत गेलं. मनू उसाचं वाढं तोंडाजवळ नेऊन त्याचं पान न् पान बघायची. आईच्या हातातली बांगडी नाकाला टेकवून फिरवत बसायची. बांधावरून चालताना पडायची. बाप फडातून आला तरी तो बोलेपर्यंत ओळखायची नाही, पण टायरगाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज लांबून ओळखायची. अंगणवाडीत ती हाक मारली तर बघते, हात केला तर बघत नाही. म्हणून 'जरा मंद आहे' असा शेरा पडलेला. चालायला ती एकोणिसाव्या महिन्यात लागली होती.

अडचण नेमकी काय होती

तपासताना मी आधी डावा डोळा हाताने झाकला. मनू आईच्या मांडीवर शांत बसून राहिली. मग उजवा झाकला. तिने माझा हात ढकलला, मान वळवली, रडायला लागली. एवढ्यावरूनच कळलं की ती सगळं उजव्या डोळ्याने बघते आणि डावा जवळजवळ वापरातच नाही.

नंबर काढायला आधी बाहुल्या मोठ्या कराव्या लागतात. तिरळ्या लहान मुलाला तीन दिवस घरी अॅट्रोपिनचं मलम लावून मग तपासायचं, असं शिकवलेलं असतं. पण ही मंडळी पुन्हा कधी येतील, याची खात्री नव्हती. एका फेरीत दोघांची मजुरी बुडते. म्हणून त्याच दिवशी सायक्लोपेंटोलेटचे थेंब घालून नंबर काढला. मोठ्या मायनस नंबरात तेवढं पुरतं. उजवा मायनस साडेसात, डावा मायनस अकरा, शिवाय दोन्हींत तिरपा नंबर. पडद्याच्या कडेला लेझरच्या जुन्या खुणा होत्या, मधला भाग दोन्ही डोळ्यांत जागच्या जागी. ही सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट होती. मधला भाग ओढला गेला असता तर चष्म्याने फार काही साधलं नसतं.

मायनस साडेसात म्हणजे चष्म्याशिवाय तेरा सेंटिमीटरपर्यंतच स्वच्छ दिसणार, अर्ध्या वितीच्या जरा पुढे. मायनस अकरा म्हणजे नऊ सेंटिमीटर, चार-पाच बोटं. मनूचं जग उजव्या डोळ्यापासून अर्ध्या वितीवर संपत होतं. डाव्या डोळ्याला तर स्वच्छ चित्र मिळतच नव्हतं, कारण वस्तू उजव्याला सोयीची तिथे धरली जायची. मेंदूने मग डाव्याकडून येणारं ऐकणंच सोडून दिलं. आळशी डोळा म्हणतात तो हा. डोळा आळशी नसतो, त्याला शिकवलंच गेलेलं नसतं. आणि हे शिकण्याची वर्षं मोजकी असतात. पहिली दोन-तीन सगळ्यात मोलाची, सात-आठ वर्षांनंतर फार कष्टाने थोडंसं हाती लागतं. आमची दोन गेली होती.

समोरचे पर्याय

हंगाम संपायला आठ आठवडे होते. या आठ आठवड्यांत काय करायचं आणि कशाच्या नादी लागायचं नाही, हे ठरवायचं होतं.

वडिलांना तिरळेपणाचं ऑपरेशन हवं होतं. मुलीचा डोळा वाकडा, उद्या लग्नाचं काय, हा त्यांचा घोर. मी नाही म्हटलं. डावा डोळा बघायला शिकण्याआधी त्याला सरळ केलं तर तो नुसता दिसायला सरळ होतो, आणि पुन्हा वळण्याची भीती राहते. शिवाय ऑपरेशन झालं की सगळं झालं, असं समजून कुटुंब निघून गेलं असतं. हे मी एकदा घडवलं होतंच.

दोन डोळ्यांच्या नंबरात इतका फरक असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स चांगली, असं पुस्तक सांगतं. कोपीत पाणी टँकरचं, हात धुवायला राख, दिवसभर पाचटाची धूळ. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला असता तर उरलेलंही गेलं असतं. तो विचार मी पाच मिनिटांत सोडला.

चष्मा द्यायचा हे नक्की होतं, प्रश्न किती नंबराचा द्यायचा हा होता. पूर्ण नंबर दिला तर लांबचं लख्ख दिसेल, पण या वयात मुलाचं सगळं काम हाताच्या अंतरावर चालतं आणि आत वळणाऱ्या डोळ्याला जवळ बघताना जादा ताण देऊन चालत नाही. मी दोन्ही डोळ्यांत सारखाच एक नंबर कमी केला आणि दोघांतला फरक जसाच्या तसा ठेवला. डाव्याला एकट्याला कमी दिला असता तर तो आणखी मागे पडला असता.

राहिली पट्टी. चांगला उजवा डोळा रोज काही तास झाकायचा, म्हणजे डाव्याला काम करावंच लागतं. कुणी म्हणेल, पट्टीऐवजी उजव्या डोळ्यात अॅट्रोपिन घाला, एक थेंब टाकला की झालं, आईची कटकट वाचली. इतर मुलांत मीही ते वापरते. मनूत ते चाललं नसतं. अॅट्रोपिनने उजव्याचं जवळचं धूसर होतं ते चष्मा असताना. तिने चष्मा ओढून काढला की मायनस साडेसातच्या डोळ्याला अर्ध्या वितीवरचं पुन्हा स्वच्छ दिसणार, थेंब असोत की नसोत. आणि दोन वर्षांचं मूल चष्मा काढणारच.

नियमाप्रमाणे आधी काही आठवडे नुसता चष्मा द्यायचा, त्याने किती सुधारतं ते बघायचं, मग पट्टी. मी तीन आठवडेच थांबले. घाई होती. त्यामुळे चष्म्याने किती कमावलं आणि पट्टीने किती, हे मला कधीच वेगळं सांगता येणार नाही. पण हंगाम संपायच्या आत पट्टी लावायची सवय एका तरी मोठ्या माणसाच्या हाताला लागायला हवी होती.

काय केलं

फ्रेम लहान, गोल आणि मऊ घेतली, मागे इलॅस्टिकचा पट्टा. मोठ्या मायनस नंबराची काच कडेला जाड होते. फ्रेम जितकी लहान तितकी जाडी कमी आणि वजन कमी, आणि नाकावरून घसरत नाही. काचा पॉलिकार्बोनेटच्या, कारण एकच डोळा चांगला असलेल्या मुलीच्या डोळ्यासमोर फुटणारी काच ठेवायची नसते. दोन चष्मे केले. एकच दिला तर तो मोडला त्या दिवशी उपचार संपतो.

चष्मा घातल्यावर मनू आईकडे बघेल, हसेल, असं आम्हाला वाटत होतं. तिने खाली फरशीकडे पाहिलं. फरशीच्या जोडांवर काळ्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेपाशी ती थांबायची, पाय गुडघ्यापर्यंत उचलायची आणि बांध ओलांडावा तशी पलीकडे टाकायची. रेघा तिला पहिल्यांदा दिसत होत्या, आणि मायनस काचेतून जमीन जरा वेगळ्या अंतरावर भासते. भिंतीपर्यंत ती तशीच गेली, वळली, तशीच परत आली. आई बघत उभी होती. चार दिवसांनी तिचा फोन आला, "म्याडम, लिंबावरचा कावळा दावला तिनं. तिनं दावला, मी न्हाई."

पट्टी कुणी लावायची, हा खरा पेच होता. आई पहाटे चारला फडात जाते, संध्याकाळी येते तेव्हा कोपीत अंधार. घरात मनूला सांभाळायला होती सात वर्षांची थोरली बहीण. मी तिलाच शिकवायला निघाले होते. पट्टीचा कागद तिच्या हातात दिलाही होता. तिची साखरशाळा (ऊसतोड मजुरांच्या मुलांची हंगामी शाळा) आधीच मनूपायी अर्धी बुडत होती, हे माझ्या लक्षात आणून दिलं हंगामी अंगणवाडीच्या ताईंनी. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे दहाला येते, बाराला खिचडी असते. मधले दोन तास माझे." त्या दहाला पट्टी लावायच्या, मनूला चिंचोके वेचायला, रंगीत मणी ओवायला बसवायच्या, खिचडीआधी पट्टी काढायच्या. पहिल्या आठवड्यात तिने पट्टी रोज ओरबाडली. दुसऱ्या आठवड्यात तासभर राहिली. होळीपर्यंत दोन तास राहू लागली. उन्हाने चिकटपट्टीखाली पुरळ आला तेव्हा ताईंनीच जाड कापडाची पिशवी शिवून चष्म्याच्या उजव्या काचेवर चढवली, कानाकडची फट बंद होईल एवढी रुंद.

जाताना मी नवीन कार्ड केलं. एकच पान, मराठीत, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवलेलं. मुलीला काय झालं होतं, लेझर कधी झालं, नंबर किती, पट्टी कुठल्या डोळ्यावर आणि किती तास. तारखा इंग्रजी महिन्यांच्या लिहिल्या नाहीत. लिहिलं: पाडवा झाल्यावर, आषाढीच्या आसपास, दसऱ्याच्या आधी. त्यांच्या जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या बालकांसाठीच्या केंद्रात फोन करून तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टशी (नजर आणि नंबर तपासणाऱ्या तज्ज्ञांशी) बोलले, कार्डाचा फोटो पाठवला. पाडव्यानंतर मनू आली नाही, तर फोन करायचा तो आईवडिलांना नव्हे, मला, असं ठरवलं.

काय झालं

पाडव्यानंतर मनू आली, पण पट्टीशिवाय. गावी आजीने पट्टी बंद पाडली होती. झाकलेला डोळा जातो, अशी तिची खात्री. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी आजीला समजावण्यात वेळ घालवला नाही. आजीच्याच हातून मनूचा डावा डोळा झाकवला आणि समोर एक तांबडी बांगडी धरली. मनूने झडप घालून घेतली. मग उजवा झाकवला. मनूचा हात बांगडीच्या बाजूने गेला, पुन्हा गेला, तिसऱ्यांदा बांगडी लागली. आजीने स्वतः दोनदा करून पाहिलं. त्या दिवसापासून दुपारची पट्टी आजीची.

पुढच्या दसऱ्याला सर्वांत अवघड निर्णय झाला, आणि तो माझा नव्हता. मनूला गावी आजीकडे ठेवायचं ठरलं, आईवडील तिला न घेता हंगामाला आले. तिची आई मला म्हणाली, "माझ्यापाशी राहिली तर पोर माझी राहील, तिकडं राहिली तर डोळा राहील." मी तिला यात सल्ला दिला नाही. तसा अधिकार मला नाही, असं तेव्हा वाटलं आणि आताही वाटतं. त्या हंगामात आजी दोन महिने आजारी पडली, पट्टी सुटली. डाव्या डोळ्याने मिळवलेलं थोडं गमावलंही. पुन्हा सुरू केल्यावर ते परत आलं.

साडेतीन वर्षांची झाल्यावर ती चित्रांचा तक्ता वाचू लागली: चष्म्यासह उजवा ६/१२, डावा ६/३६ (६/६ म्हणजे पूर्ण नजर, खालचा आकडा मोठा तितकी नजर कमी). पाच वर्षांची झाल्यावर उजवा ६/९, डावा ६/१८. नंबर उजव्यात साडेआठ, डाव्यात साडेअकरा. चष्मा असताना तिरळेपणा निम्म्याहून कमी. 'मंद' हा शब्द अंगणवाडीच्या वहीतून गेला, त्याला चष्म्याइतकाच तिच्या जिल्ह्याच्या केंद्रातल्या फिजिओथेरपीचाही हात आहे.

मधे एका शिबिरात कुणीतरी तिला नंबर वाढू नये म्हणून कमी ताकदीचे अॅट्रोपिनचे थेंब सुचवले. शाळेत जाणाऱ्या मुलांचा वाढता नंबर रोखायला ते हल्ली दिले जातात, आणि त्यांचा उपयोगही होतो. पण त्या मुलांचा डोळा लांब होत जातो, म्हणून नंबर वाढतो. मनू चार वर्षांची असताना मी डोळ्याची लांबी मोजली होती: उजवा २१.९ मिलिमीटर, डावा २३.१. उजव्याची लांबी तर त्या वयाच्या बिनचष्म्याच्या मुलाच्या डोळ्याएवढीच होती. नंबर येतो तो पुढच्या भागामुळे. कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) जास्त गोल, भिंग जाड, मधली जागा उथळ. डोळ्याचा पुढचा भाग जन्माआधीच्या घडणीतच अडकून राहिल्यासारखा. सातमाशी मुलांचा आणि त्यातही लेझर झालेल्यांचा नंबर असा असतो. थेंबांनी त्यावर काय होणार? आजीच्या रोजच्या कामात आणखी एक काम वाढवायचं नाही, असं ठरवलं. डाव्याची लांबी मात्र दर वर्षी मोजते. ती वेगाने वाढू लागली तर हा निर्णय मला बदलावा लागेल.

काय वेगळं करता आलं असतं

लेझरनंतरच्या त्या मार्चमध्ये मला दोन वाक्यं जास्त बोलायची होती. पडदा वाचला आहे, आता बघायला शिकायचं आहे. सहा महिन्यांची झाली की नंबर तपासायचा, चष्मा लागण्याची शक्यता मोठी आहे. 'धोका टळला' हे आईच्या कानाला 'डोळे बरे झाले' असंच ऐकू जाणार. तिने ऐकण्यात काहीच चूक केली नाही. वर्षाच्या आतल्या बाळाचा नंबर दोन्ही डोळ्यांत मायनस पाचच्या पुढे असेल तर चष्मा द्यायचा असतो. मनूला तो बहुधा पहिल्या वाढदिवसाआधीच लागला असता, आणि डाव्या डोळ्याचं निदान एक वर्ष वाचलं असतं.

दुसरी गोष्ट कागदाची. आमच्या नोंदवहीत पत्ता विचारला जायचा तो सध्याचा. कोपीला पत्ता नसतो, म्हणून तिथे कारखान्याचं नाव लिहिलं जायचं. आता एक रकाना वाढवला आहे: हंगाम संपल्यावर मुक्काम कुठे, आणि तिथे फोन उचलणारं माणूस कोण. तीन महिन्यांची तारीख त्या मुक्कामाची लिहितो आणि तिथल्या केंद्राला त्याच दिवशी कळवतो. तरी काही मुलं सुटतात. मुकादम बदलला की फोन बदलतो.

तिसरं, थोरलीचं. मनूकडे बघताना मी तिला मदतनीस समजले होते. ती स्वतः सात वर्षांची होती. तिचे डोळे मी तिसऱ्या भेटीत तपासले. नंबर नव्हता. पण तपासायला तिसरी भेट लागली.

सध्या

मनू येत्या जूनमध्ये गावच्या शाळेत पहिलीला बसेल. शाळेसाठी चिठ्ठी दिली आहे: पहिल्या बाकावर, फळ्याच्या मधोमध, खेळताना चष्मा काढायचा नाही. पट्टी रोज एक तास चालू आहे. पडद्याच्या कडा दर वर्षी बाहुल्या मोठ्या करून बघायच्या आहेत, आयुष्यभर, कारण लेझर झालेल्या आणि मोठ्या नंबराच्या डोळ्यात पडदा पुढे कधीही फाटू शकतो. हे आईला, वडिलांना, आजीला वेगवेगळं सांगून झालं आहे. तिघांकडून परत म्हणवूनही घेतलं आहे.

वडील ऑपरेशनबद्दल अजून विचारतात. आता तो प्रश्न रास्त आहे. डावा डोळा ६/१८ वर दोन तपासण्या टिकला, तर उरलेला तिरळेपणा काढायला हरकत नाही. एक तपासणी पाडव्यानंतर झाली, डोळा टिकला आहे. दुसरी आषाढीच्या आसपास. टिकला तर दसऱ्याच्या आधी, टोळी निघण्यापूर्वी ऑपरेशन करू, म्हणजे टाके विरघळेपर्यंत आई घरी असेल.